मेंढ्यांना डोंगर कोण शिकवतं

४ सप्टेंबर

शाळा उघडली. सुट्टीत मुलं बोटभर वाढलीत आणि पाढे मात्र पार विसरलीत. लहान्यांना सहज विचारलं, लोणी कुठून येतं? गेथिन म्हणाला, "गुरुवारच्या गाडीतून." कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांचं तेच मत होतं. वाण्याची गाडी गुरुवारी येते, तिच्यातून लोणी येतं, म्हणजे खरं तर लोण्यासारखं पिवळं काहीतरी. खिडकीबाहेर गेथिनच्याच काकांची गाय कुंपणावरून मान काढून आमच्याकडे बघत होती.

निम्मी मुलं आता सरकारी जंगलात काम करणाऱ्यांची आहेत. रोज मेंढ्यांच्या कळपातून वाट काढत शाळेत येतात, पण मेंढी त्यांच्या लेखी रस्त्यातला दगड.

माझं इथलं हे शेवटचं वर्ष. पुढच्या सप्टेंबरपासून कार्डिफच्या अध्यापक विद्यालयात शिकवायला. एनिदताई तिथेच आहे, तिने माझ्यासाठी खोलीसुद्धा रंगवायला घेतलीय. मे संपेपर्यंत पक्कं कळवायचं आहे. तोवर या मुलांना एवढं तरी शिकवून जाईन, की ताटात जे येतं ते या डोंगरातून येतं. वर्षभर हेच करायचं. भाकरी, लोणी, लोकर, कोकरं, सगळं.

त्यासाठी एक शेतकरी हवा.

९ सप्टेंबर

हावोदला जाऊन आले. गावात इद्वल तुदिर म्हटलं तर कुणाला कळणार नाही, इद्वल हावोद म्हणायचं. इथे माणसाचं आडनाव म्हणजे त्याचं शेत. आई गेल्यापासून एकटाच राहतो. दारात उभा राहूनच त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. कुत्रीसुद्धा बसून ऐकत होती.

"मेंढ्यांचं काय शिकवायचंय?" म्हणाला. "दिसतात की रस्त्यात."

"दिसतात, पण कळत नाहीत."

"मला नाही जमायचं, बाई. मला बोलता येत नाही."

आणि दार लावून घेतलं. असला घुम्या माणूस! येताना सगळ्या उतारावर ऊन सांडलं होतं, पण माझं लक्ष नव्हतं.

१० सप्टेंबर

सकाळी शाळेच्या फाटकाशी इद्वल हावोद उभा. हातात ताकाची किटली.

"उरलं होतं," म्हणाला.

त्याच्याकडे गाय एकच. एवढं ताक उरतं कसं?

१७ ऑक्टोबर

आज वर्गात लोणी काढलं. इद्वलने माळ्यावरून लाकडी पिंप काढून, घासून, गाडीत घालून आणलं. दांडा फिरवला की पिंप गरगर फिरतं, आत साय. मुलांनी पाळीपाळीने फिरवलं. आधी नुसता डुबुक डुबुक आवाज. बराच वेळ. खिडकीतून उन्हाचा तिरका पट्टा आला होता, त्यात खडूची धूळ तरंगत होती, आणि ते पिंप फिरतंय, फिरतंय. गेथिन बसल्या जागी पेंगायला लागला. मलाही वाटलं आपण कुठल्यातरी जुन्या दुपारी जाऊन बसलोय.

मग इद्वलने हात वर केला. "ऐका."

आवाज बदलला होता. आत काहीतरी जड झालं होतं, दर फेरीला थपकन पडत होतं. सगळी मुलं श्वास रोखून ऐकत होती. झाकण काढलं तर ताकात सोन्याचे कण.

त्याने लोण्यावर उमटवायला लाकडी ठसा आणला होता, पानाफुलांचा, त्याच्या आईचा. "तिच्यानंतर वापरला नव्हता," म्हणाला, आणि ठसा माझ्या हातात दिला. मी तो मॅब्लीकडे दिला, कारण तिची पाळी होती. तो जरा हिरमुसल्यासारखा दिसला. बहुधा मुलं तो पाडतील अशी भीती असेल.

मग ओटची भाकरी चुरून ताकात कालवली. गवतकापणीला हेच खायचे पूर्वी, शॉट म्हणतात. मुलांनी तोंडं अशी केली की काय सांगावं.

"तळघरासारखं लागतंय," मॅब्ली म्हणाली. ही सात वर्षांची आहे आणि कुणाची भीडभाड ठेवत नाही.

"तळघर खाल्लंयस कधी?" इद्वलने विचारलं.

"चाटलंय."

"मग बरोबर आहे." असं म्हणून त्याने तिचा वाडगा ओढून घेतला आणि त्या एवढ्याशा खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून सगळं संपवलं. बोलता येत नाही म्हणे.

जाताना फाटकाशी थांबून म्हणाला, "कार्डिफला डोंगर आहेत का?"

"टेकड्या आहेत जवळपास."

"हं," म्हणाला आणि गेला. त्याला कार्डिफचं कुणी सांगितलं?

२६ नोव्हेंबर

सुकामेव्याचा पाव. मनुका रात्रभर चहात भिजवल्या होत्या. वर्गभर दालचिनीचा वास, बाहेर काळोखा पाऊस, काचांवर वाफ. मुलांनी त्या वाफेवर बोटांनी मेंढ्या काढल्या.

मार्गेद आमच्या शाळेत स्वयंपाक करते. मुलांची मार्गेद आंटी, माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिने भट्टीतून पाव काढले आणि एक बाजूला फडक्यात गुंडाळला.

"हा कुणाला?"

"हावोदला."

"कुणी सांगितलं?"

"तूच नाही का सांगितलंस?"

मी सांगितलं नव्हतं. मार्गेदचं वय झालं. हल्ली तिला न बोललेलंही ऐकू येतं.

शेवटी पाव मीच पोचवला, कारण मार्गेदचे गुडघे दुखत होते. मी निघाले तेव्हा ती खुर्चीवर चढून वरच्या फडताळातले डबे पुसत होती.

२१ जानेवारी

आज इद्वल फळ्यापाशी गेला. त्याने खडू हातात घेतला तेव्हा मुलं नाही पण मी धास्तावले. त्याने एक लांब रेघ ओढली, वर गेली, खाली आली, पुन्हा वर. आमच्या डोंगराची. आमच्या सगळ्यांच्या ओळखीची रेघ, फळ्यावर पहिल्यांदाच बघितली.

"इथे वर भिंत नाही," तो म्हणाला. "कुंपण नाही. तरी माझ्या मेंढ्या याच भागात चरतात. पलीकडे जात नाहीत. का?"

"कुत्रं चावतं," गेथिन म्हणाला.

"कुत्रं खाली घरी झोपलेलं असतं."

मग त्याने सांगितलं. मेंढी आपल्या कोकराला घेऊन फिरते. इथे पाणी, इथे वारा लागत नाही, इथे दलदल आहे, पाय टाकायचा नाही. कोकरू शिकतं. मोठं झालं की आपल्या कोकराला शिकवतं. त्याच्या आजोबांच्या आधीपासून असंच चाललंय. त्या जागेला कनेविन म्हणतात. आपली ओळखीची भुई. मेंढ्या विकत मिळतात, म्हणाला, पण ही ओळख मिळत नाही. कळप एकदा डोंगरावरून उतरला की संपलं. नव्या मेंढ्या आणून सोडल्या तर त्या दोन खोरी ओलांडून जातील.

"मेंढी शाळा चालवते म्हणजे," मॅब्ली म्हणाली.

"हो."

"मग तुम्ही म्हातारे झालात की?"

तो खडू झटकत राहिला. मग म्हणाला, जंगलवाले विचारतायत. हावोदचा डोंगर घेऊन झाडं लावायची म्हणतात. सरळ रांगांत. माझ्यामागे कुणी नाही, तेव्हा बहुतेक देईन.

मलाच काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "चला, दूध प्यायची वेळ झाली."

फळ्यावरची रेघ पुसायला हात होईना. तशीच ठेवली. उद्याची गणितं बाजूच्या जागेत करू.

१ मार्च

आमच्या संताच्या सणाचा काउल केला, म्हणजे रस्सा. मटणाचं हाड, बटाटे, सलगम आणि मूठमूठ लीक, कांद्याच्या जाड पातीसारखे. इद्वलने पहाटे बागेतून लीक खणून आणले, मुळांना माती तशीच. दाढी केली होती, आठवड्याच्या मधल्या वारी. मी विचारलं, चॅपेलमध्ये काही आहे का आज? तो म्हणाला, नाही.

एकेक मूल वाडगा पुढे करून पुन्हा मागत होतं. गेथिन म्हणाला, "हे गुरुवारच्या गाडीत मिळत नाही." माझ्यासाठी आजचा सण तिथेच झाला.

१२ एप्रिल

हावोदच्या गोठ्यात गेलो होतो, कोकरं बघायला. बर्फ भुरभुरत होतं. एका मेंढीचं कोकरू रात्री मेलं होतं आणि दुसऱ्या एका कोकराची आई गेली होती. इद्वलने मेलेल्या कोकराचं कातडं सोलून त्या पोरक्याला अंगरख्यासारखं घातलं. मला वाटलं मुलं घाबरतील. घाबरली नाहीत. मेंढीने हुंगलं. पुन्हा हुंगलं. कोकरू थरथरत उभं. मग ती खालच्या आवाजात काहीतरी बोलली, अगदी पोटातून, आणि ते तिच्या आचळाला लागलं. त्याची शेपटी अशी हलायला लागली!

"तिला फसवलं," शूअन म्हणाली. ही आमच्या वर्गातली सगळ्यात विचारी मुलगी.

"पहिले दोन दिवस," इद्वल म्हणाला. "मग कातडं काढून टाकतो. तोवर ते तिचंच झालेलं असतं. मग कुणाला आठवतंय कुणी कुणाला फसवलं."

बोलताना तो माझ्याकडे बघत होता. माझ्या केसांत बर्फ साठलं असणार.

ताईचं पत्र आलंय. खोली रंगवून झाली. निळी. पक्कं कधी कळवतेस म्हणून विचारते. कळवायचं आहे. रोज राहून जातं.

१५ मे

आजचं आजच लिहून काढते.

आज मेंढ्या कोकरांसह डोंगरावर सोडायच्या होत्या. मुलांना घेऊन मीही गेले. सकाळ काचेसारखी स्वच्छ होती. इद्वल पुढे, कुत्री बाजूला, मध्ये मेंढ्यांचा पांढरा ओघ वर वर चाललेला, आणि मागे आम्ही. कोकिळा ओरडत होती. कोकरं आयांना हाका मारतायत, आया कोकरांना. मुलांनीही ओरडायला सुरुवात केली. इतकं सुख मला कधी झालं होतं ते आठवेना.

वरच्या फाटकाच्या पुढे गेल्यावर एक कोकरू मागे ओढ्यात अडकल्याचं कळलं. इद्वल म्हणाला, "इथेच थांबा, बाई, आलोच." तो उतरला आणि धुकं आलं. आलं म्हणजे कुणीतरी पांढरं पांघरूण ओढावं तसं. समोरचा खडक गेला, मग कुंपण गेलं, मग माझ्याच हाताची बोटं पुसट झाली. इद्वलला हाक मारली तर आवाज दोन पावलांवर पडल्यासारखा वाटला.

मी थांबायला हवं होतं. पण गारठा चढत होता आणि लहान्यांचे ओठ निळे पडायला लागले होते. मला वाटलं फाटक डाव्या हाताला आहे. एकमेकांचे कोट धरायला सांगितलं आणि निघाले. फाटक आलं नाही. पायाखाली मऊ लागायला लागलं. पाणी. मी जागच्या जागी थिजले. या बाजूला दलदल आहे हे मला ठाऊक होतं, आणि ती कुठवर आहे ते ठाऊक नव्हतं. मागे माझी सगळी मुलं, एकमेकांच्या कोटांना धरून, माझ्यावर विसंबून.

मॅब्ली म्हणाली, "बाई, मेंढीला विचारा ना."

मला रडू फुटणार होतं. तेवढ्यात बाजूने एक मेंढी गेली. फाटक्या कानाची, म्हातारी, मागे कोकरू. आमच्याकडे ढुंकून न बघता ती तिरकी तिरकी चालत होती, मध्येच थांबून कोकराला हाक मारत होती. दलदलीच्या कडेकडेने. मी तिच्यामागे निघाले. दुसरं काही सुचलंच नाही. ती दिसेनाशी झाली की तिच्या आवाजामागे. पायाखाली हळूहळू कडक लागायला लागलं. किती वेळ चाललो कोण जाणे. धुक्यात वेळ नसतो. एका क्षणी मला वाटलं, आपण फळ्यावरच्या त्या रेघेवरून चाललोय.

मग एकदम वारा थांबला. समोर दगडांचा जुना आडोसा, अर्धा पडलेला. आत मेंढ्या आधीच येऊन बसल्या होत्या. आम्हीही त्यांच्यात बसलो. त्यांच्या अंगांची ऊब, ओल्या लोकरीचा वास. खिशातल्या ओटच्या भाकऱ्या वाटून खाल्ल्या. कुणी रडलं नाही. गेथिन एका मेंढीला टेकून झोपून गेला. शूअन हलकेच गुणगुणत होती, आणि सगळीकडे पांढरं, पांढरं, जणू जगात आम्हीच तेवढे उरलो होतो.

मग लांबून हाक आली. "नेस्ता! नेस्ता!" परत परत. आवाज चिरकत होता. मी ओ दिली. धुक्यातून इद्वल आला, टोपी नाही, गुडघ्यापर्यंत चिखल. एकेका मुलाच्या डोक्याला हात लावत गेला. शेवटी माझ्यापाशी आला, हात उचलला, आणि तसाच खाली घेतला. मग मटकन जमिनीवर बसला.

"इथे कशा आलात?"

"तुमच्या मेंढीने आणलं."

तो तोंड फिरवून भिंतीतला एक दगड सारखा करत बसला. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं. पण आडोशाच्या आत वारा नव्हता.

घाईत माणूस बाई म्हणायचंही विसरतो.

१८ मे

चॅपेलच्या मागच्या खोलीत पालकांची सभा. मी उभी राहून जे झालं ते सांगितलं. थांबायला हवं होतं, हेही सांगितलं. गेथिनची आई रडली. कुणीतरी म्हणालं, मुलांना शाळेत वाचायला पाठवतो, मेंढ्यांमागे फिरायला नाही. त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही.

मग एल्वेद उठला, मॅब्लीचा बाप. दुधाची गाडी चालवतो. शेतकऱ्याच्या घरचाच, पण शेत थोरल्या भावाकडे गेलं. तो म्हणाला, "माझी पोरगी घरी आली आणि तिने मला कुठे पाणी आहे, कुठे दलदल आहे, वारा कुठून लागत नाही, सगळं सांगितलं. मी या गावात जन्मलो. मला हे माहीत नव्हतं." आणि बसला.

शेवटी वर जायचं झालं तर दोन मोठी माणसं बरोबर हवीत, एवढंच ठरलं. इद्वल शेवटच्या बाकावर होता. बाहेर पडताना एल्वेद त्याच्यापाशी थांबला होता, दोघं बराच वेळ जमिनीकडे बघत बोलत होते.

२७ मे

कार्डिफला नकार कळवला. आत्ता गेले तर लोक म्हणतील, धुक्याला भिऊन पळाली. शिवाय मुलांचा अभ्यास अर्धवट आहे, लोकर राहिली, गवत राहिलं. शिवाय तिकडची हवा दमट. ताईला असंच लिहिलं. ती म्हणेल, निळ्या खोलीचं काय करू.

इथे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे? जिथे होते तिथेच आहे.

टपालाच्या पेटीशी उभी होते तेव्हा वाटेच्या दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं पांढऱ्या फुलांनी वाकलेली. दरवर्षी अशीच फुलतात का?

११ जून

मोठी बातमी. हावोद जंगलवाल्यांकडे जाणार नाही. इद्वल ते एल्वेदला देतोय, घर, डोंगर, कळप सगळं. एल्वेद आणि त्याची बायको महिनाअखेर राहायला जाणार. मॅब्ली आज शाळेत चालत नव्हती, तरंगत होती. "बाई, आता मी मॅब्ली हावोद!"

मला फार आनंद झाला. म्हणजे व्हायला हवा तेवढा झाला. मग दुपारी वह्या तपासताना लक्षात आलं, इद्वल कुठे जाणार? हे कुणीच विचारलेलं नाही. मार्गेदला विचारलं तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कठीण आहे गं बाई तुझं," आणि बटाटे सोलायला लागली.

२० जून

इद्वल सूट घालून, नवे बूट घालून सकाळच्या बसने कुठेतरी गेला. सगळ्या गावाने पाहिलं. डॉक्टरकडे असेल. आजारी असेल तर सांगत का नाही? असली माणसं शेवटपर्यंत सांगत नाहीत.

रात्रभर झोप नाही.

५ जुलै

लोकर कातरायचा दिवस. सगळी शेजारची शेतं हावोदला जमली होती. अंगणात बाकांवर माणसं बसलेली, मांडीत मेंढी, कात्र्यांचा कचकच आवाज, आणि लोकर अंगातून अशी उतरत होती जशी झोप उतरते. मेंढ्या हलक्या होऊन उड्या मारत जात होत्या, कोकरं आपल्याच आयांना ओळखत नव्हती.

जेवण माझ्या मुलांनी वाढलं. थंड मटण, नवे बटाटे, वाटाणे, सुकामेव्याचा पाव त्यांनीच भाजलेला, त्यांनीच काढलेलं लोणी. आणि मोठ्या भांड्यात शॉट. गवंड्यासारखे हात असलेली माणसं पुन्हा मागत होती, आणि मुलं मोठ्या रुबाबात म्हणत होती, थांबा, मिळेल.

दुपारी इद्वलला विहिरीपाशी गाठलं. "तुम्हाला काय झालंय?" सरळ विचारलं.

"मला?"

"सूट घालून डॉक्टरकडे गेला होतात."

"डॉक्टरकडे नव्हतो गेलो. कार्डिफला गेलो होतो." बादली खाली ठेवली. "तिथे मोठी बाग आहे. माळी पाहिजे होता. मिळालं काम. सोमवारपासून."

मला वाटलं माझ्या कानात पाणी गेलंय. "तुम्ही? माळी?"

"गवत आहे पुष्कळ. मेंढ्या नाहीत तिथे. माणसानेच कापायचं."

"पण कार्डिफच का? जग एवढं मोठं आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. वर्षभर बघत होता तसंच, पण आज मला ते दिसलं. "तुम्ही तिथे असणार ना," म्हणाला.

अंगणात हशा पिकला होता, कुणाची तरी मेंढी सुटली होती. मी विहिरीच्या काठाला धरलं.

"मी जात नाहीये," मी म्हटलं.

"कुठे?"

"कार्डिफला. मे महिन्यातच नाही म्हणून कळवलं."

त्याने बादलीची कडी उचलली, पुन्हा सोडली. मग म्हणाला, "का?"

आणि मला हवेचं, अभ्यासाचं, लोकरीचं, एकही कारण आठवेना. मी म्हटलं, "तुम्ही इथे होतात म्हणून."

मॅब्ली वाडगा घेऊन मध्येच उभी होती. आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "म्हणजे आता काय?"

इद्वलने डोक्यावरून हात फिरवला. "मी त्यांना शब्द दिलाय," तो म्हणाला. "उन्हाळाभर तरी जायला हवं."

मार्गेद स्वयंपाकघराच्या दारातून सगळं बघत होती. ती इतकी हसली की तिला दाराला धरावं लागलं.

३ ऑगस्ट, कार्डिफ

ताईकडे आलेय, चार दिवसांसाठी. निळ्या खोलीत झोपते. खोली छान आहे.

दुपारी बागेत गेले. लांबूनच दिसला. हिरवळीवर यंत्र ढकलत चालला होता, जाताना फिक्कट पट्टा, येताना गडद पट्टा, अगदी सरळ. इतकं गवत आणि खायला कुणी नाही. कापलेल्या गवताचा वास इकडून तिकडे हलत होता, झाडांखाली बायका बाळगाड्या ढकलत होत्या, लांब कुठेतरी बँड वाजत होता. मी बाकावर बसले. त्याला मी दिसले नव्हते. बसल्या बसल्या डोळे मिटले असावेत, कारण उघडले तेव्हा तो बाजूला बसला होता, हात गुडघ्यांवर, नखांत हिरवं.

"एल्वेद मेंढ्यांचं बरोबर बघतोय ना?" त्याने विचारलं.

"बघतोय. मॅब्ली त्याला जास्त बघते."

मग बराच वेळ दोघंही गवताकडे बघत बसलो. मला घाई नव्हती. त्याला कधीच नसते.

"हावोदच्या मागच्या दोन खोल्या मी ठेवल्यात माझ्याकडे," तो म्हणाला. "एल्वेदशी बोलून. डोंगराच्या बाजूच्या. सप्टेंबरात परत येईन." थोडं थांबून म्हणाला, "एका माणसाला जरा मोठ्या होतात."

बँड थांबला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"पडदे बदलावे लागतील," मी म्हटलं.

तो विचारात पडला. "पडदे नाहीतच, नेस्ता," म्हणाला.